थंड गाव सावरटोला

होळीला अजून तीन आठवडे होते आणि सावरटोल्यात पंखे आत्ताच पाचावर फिरायला लागले होते. एरवी होळी पेटली की उन्हाळा, असा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा साधा नियम. पण ऋतूंनी नियम पाळणं सोडून बरीच वर्षं झाली होती. माणसंच आपली भाबडी, अजून त्यांच्याकडून शिस्तीची अपेक्षा ठेवून होती. फेब्रुवारी संपायच्या आत तालुक्याच्या गावी पारा एकोणचाळीसवर गेला. एक मार्चला बेचाळीस अंश सहा. तिथल्या नोंदवहीत मार्च महिन्याचा एवढा मोठा आकडा कधीच नव्हता. मग रोज कुठल्या ना कुठल्या गावाचा विक्रम मोडू लागला, आणि लोक पानठेल्यावर बसून सामन्याच्या धावा सांगाव्यात तसे एकमेकांना अंश सांगू लागले.

फक्त सावरटोल्याचा विक्रम मोडत नव्हता. चार किलोमीटरवरच्या गावात त्रेचाळीस, तर सावरटोल्यात चाळीस अंश नऊ. सरपंच प्रज्वल हटवार यानं ही गोष्ट फार मनावर घेतली. गावात तलाव आहे, आमराई आहे, आपल्या वाडवडलांनी झाडं राखली, असं तो येईल त्याला सांगे. तलाव आणि आमराई शेजारच्या गावांतही होती, पण एवढं कोण विचारतं? त्यानं वेशीवर फलक लावून टाकला: 'थंड गाव सावरटोला आपले स्वागत करीत आहे.'

या थंडपणाची राखण मोनाली कापगतेकडं होती. वय सेहेचाळीस, शिक्षण बारावी विज्ञान, हुद्दा गावच्या हवामान केंद्राची निरीक्षक. हुद्दा ऐकायला मोठा, प्रत्यक्षात जुन्या शाळेच्या आवारातली तीन बाजूंनी भिंत असलेली एक मोकळी जागा आणि तिच्या कुलपाची किल्ली. मध्ये एक खांब. खांबावर बशा उपड्या रचल्यासारखी पांढरी टोपी, आणि तिच्या आत तापमान मोजणारी बारीक तार. शेजारी जुन्या पद्धतीची जाळीदार लाकडी पेटी होती. त्यात काचेचे दोन तापमापक, एक कोरडा आणि एक ओला. ओल्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत. यंत्रावर नजर ठेवायला म्हणून हे तापमापक आठवड्यातून एकदा हातानं वाचायचे होते. मोनाली ते रोज वाचायची. घरात मूलबाळ नव्हतं, नवरा वर्षातले चार महिने हैदराबादला. दुपारी बारा वाजता आपली कोणीतरी वाट बघतंय, असं वाटायला ती पेटी बरी होती.

त्या खांबाचं महत्त्व समजायला कायदा समजून घ्यावा लागेल. आठ वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात राज्यात उन्हानं इतकी माणसं गेली की सरकारला काहीतरी करणं भाग पडलं. तेव्हापासून गावच्या केंद्राचं तापमान सलग दहा मिनिटं मर्यादेच्या वर राहिलं की भोंगा वाजतो. उघड्यावरचं प्रत्येक काम त्या क्षणी बंद. मजुरांच्या मनगटावरचे पट्टे हिरव्याचे लाल होतात, यंत्रं आपोआप थांबतात, आणि तरीही कोणी काम घेतलं तर ठेकेदार थेट तुरुंगात. एप्रिलपासून ही मर्यादा चव्वेचाळीस अंश, पण मार्चात बेचाळीसच. कारण ऊन सोसायला शरीराला शिकावं लागतं, आणि त्याला दहा-पंधरा दिवस जातात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. हे न शिकलेलं शरीर मार्चातच जास्त होरपळतं. म्हणून लवकर आलेली लाट मे महिन्यातल्या लाटेपेक्षा जास्त माणसं नेते.

यंत्रालाही शिकायची सोय होती. पहिल्याच वर्षी कुठल्याशा गावात सुट्टी मिळावी म्हणून एकानं टोपीखाली पेटती विडी धरली होती. तेव्हापासून प्रत्येक केंद्राचे गेल्या काही आठवड्यांतले आकडे शेजारच्या गावांशी ताडून, जो आकडा संशयाचा वाटेल तो यंत्र स्वतःच सुधारून घ्यायचं.

कायदा चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही. माणसं मरायची थांबली. एवढंच झालं की, डोकं गरगरलं तर सावलीत बसावं हे जे पूर्वी कोणालाही कळत होतं, ते आता कोणी स्वतःच्या डोक्याला विचारेनासं झालं. पट्टा हिरवा आहे ना, मग ऊन नाही. भोंगा वाजायच्या आत काम सोडून बसलेला मजूर कामचुकार ठरू लागला. ठेकेदाराच्या नजरेत तर ठरायचाच, सोबतच्या मजुरांच्या नजरेतही ठरायचा.

मोनालीची चूक इतकी साधी होती की ती चूक आहे हे कोणाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. केंद्र बसवायला आलेले जिल्ह्याचे अभियंता सोनटक्के साहेब तिला जाताना सांगून गेले होते, की इथं धूळ उडू देऊ नका, टोपीत धूळ बसली की तार बिघडते. आता अंगणातली धूळ बसवायचा उपाय झाडीपट्टीतल्या बाईला शिकवावा लागत नाही. मोनाली रोज सकाळी घरचा सडा टाकला की बादली घेऊन केंद्रावर जाई आणि तिथंही सडा टाके. सात वर्षं हे असंच चाललं, आणि सकाळच्या दोन बादल्या दुपारपर्यंत वाळून जात, त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. पण मागच्या पावसाळ्यात शाळेच्या आवारात नळ आला, सोबत लांब पाइप आला, आणि फेब्रुवारीतच फुफाटा उडायला लागल्यावर ती दुपारी साडेअकरालाही पाणी मारू लागली. जमिनीवर मारी, भिंतींवर मारी. तापलेल्या मातीचा वास येई, बरं वाटे. शाळेच्या पायऱ्यांवर मोगऱ्याच्या दोन कुंड्याही तिनं आणून ठेवल्या होत्या.

*

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी हैदराबादची जीप यायची. गावातले बारा पुरुष दरसाल तिच्यात बसून इमारतीच्या कामावर जात आणि पाऊस लागला की परतत. मोनालीचा नवरा रोशन अकरा वर्षं त्या जीपनं जात होता. यंदा जीप आलीच नाही, कारण तिची गरज उरली नव्हती.

झालं असं, की गावच्या गायरानावर सौरपट्ट्यांचं मोठं काम निघालं. कंपनीला ते तीनपैकी कोणत्याही गावात करता आलं असतं. तिच्या माणसानं तिन्ही गावांच्या भोंग्यांचा इतिहास काढला. इतर दोन गावांत मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत भोंगा रोज वाजला होता आणि दिवसाचे चार-पाच तास बुडाले होते. सावरटोल्यात तो एकदाही वाजला नव्हता. हटवार सरपंचानं त्या माणसाला आमराईतली कैरी खाऊ घातली आणि फलकासमोर उभं करून त्याचा फोटो काढला. बारा पुरुष गावातच राहिले.

रोशन घरी असणं ही मोनालीला सुरुवातीला थोडी अडचणच वाटली. एकटीनं उन्हाळा काढायची सवय लागलेल्या बाईच्या घरात माणूस म्हणजे पसारा. तो टॉवेल खाटेवर टाकी, पाण्याचा माठ उघडा ठेवी, रात्री पंख्याची हवा आपल्याकडं वळवून घेई. ती कुरकुरायची, आणि सकाळी उठल्यावर शेजारी घोरणारं ते धूड बघून तिला इतकं सुख वाटायचं की चहा टाकायचंही भान राहत नसे. हैदराबादहून तो फोन करायचा तेव्हा दोघांना बोलायला काही सुचत नसे. आता संध्याकाळी तो सोलरच्या कामातल्या गमती सांगे आणि ती भाजी निवडत ऐके. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती; त्यातली सोबतीची किती, हे तिनं कधी मोजलं नव्हतं आणि मोजायचंही नव्हतं.

"औंदा पाडव्याची गुढी मी उभारीन," एका संध्याकाळी तो म्हणाला. "दरसाली तू एकटीच स्टुलावर चढतं. पडली असती एखांद्या वेळी तर कोनाले मालूम पडलं असतं?"

 दुसऱ्या दिवशी पडवीतला बांबू काढून तिनं स्वच्छ पुसून ठेवला.

*

मग एका मंगळवारी नळाला पाणी आलं नाही. रस्त्यावर कुठं तरी पाइप फुटला होता. मोनालीनं बारा वाजता पेटी उघडली. कोरडा तापमापक एकेचाळीस अंश सात, ओला सत्तावीस अंश चार. तिनं वहीत लिहिलं आणि सवयीनं आदल्या दिवशीची ओळ पाहिली: कोरडा एकोणचाळीस आठ, ओला सत्तावीस दोन. तालुक्याच्या गावी मात्र दोन्ही दिवशी सारखंच होतं, एकेचाळीसच्या वर.

तिनं दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा तिनं मुद्दाम साडेअकराला आधी आकडे वाचले, मग पाणी मारलं, आणि चाळीस मिनिटांनी पुन्हा वाचले. कोरडा दोन अंशांनी उतरला होता. ओला जागचा हलला नव्हता.

बारावीला शिकलेलं विज्ञान आणि सोनटक्के साहेबांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, एवढ्या भांडवलावर तिला ते कळलं. पाणी वाळतं तेव्हा ते भोवतालच्या हवेतली उष्णता उचलतं आणि तिच्यात ओलावा सोडतं. हवा कमी गरम होते, पण जास्त दमट होते. कोरड्या तापमापकाला त्यातला गारवाच तेवढा दिसतो. ओल्याला मात्र फसवता येत नाही. त्याच्या चिंधीतलं पाणी वाळतं ते आपल्या अंगावरच्या घामासारखंच. हवा जितकी दमट, तितकं ते वाळणं कमी. म्हणून उन्हात राबणाऱ्या अंगाला खरोखर काय सोसावं लागतंय ते ओलाच सांगतो. कायदा करताना काही शास्त्रज्ञांनी भोंगा ओल्या तापमानावर वाजवा असं म्हटलंही होतं, पण लोकांना ते कळणार नाही, लोक वर्तमानपत्रातला साधा आकडा ओळखतात, असं म्हणून तो विचार सोडून दिला गेला. ओलं तापमान नुसतं नोंदवायचं ठरलं.

म्हणजे सावरटोला थंड नव्हताच. थंड होती ती शाळेच्या तीन भिंतींमधली मोनालीनं भिजवलेली तेवढी जागा. गायरानावर, जिथं रोशन होता, तिथं बेचाळीस कधीच ओलांडले होते आणि त्याच्या मनगटावरचा पट्टा हिरवा होता.

तिनं फोन हातात घेतला. सोनटक्के साहेबांचा नंबर काढला. नुसतं सांगायचं होतं, की साहेब, सड्यामुळं आकडा उतरतोय. आज सांगितलं तर उद्या भोंगा वाजेल, परवा कंपनी हिशेब करील, आणि आठवड्यात जीप येऊन उभी राहील. अजून चार महिने. पाडवा, अक्षय तृतीया, सगळं पुन्हा एकटीनं. आणि हैदराबादच्या स्लॅबवर तरी काय सावली आहे, असंही तिनं स्वतःला विचारून घेतलं. माणसाला आपल्या सोयीचे प्रश्न बरोबर सुचतात.

फोन तिनं पदराला पुसला आणि ठेवून दिला. गुरुवारी साडेअकराला ती केंद्रावर गेली आणि तिनं पाइप सोडला. त्या दिवसापर्यंत तिनं जे केलं ती चूक होती. त्यानंतर जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

*

पुढचे नऊ दिवस तिनं ओल्या तापमापकाकडं चोरासारखं पाहिलं. गावाभोवती कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान लावलेलं होतं. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तुडुंब भरलेल्या, आणि त्यांतली वाफ दिवसभर हवेत चढत होती. सत्तावीसचे अठ्ठावीस झाले. मग एकोणतीस. तीसच्या वर गेलं की जड काम करणाऱ्याचा घाम वाळेनासा होतो आणि आतली उष्णता आतच कोंडते, असं प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दाखवलं होतं. ती रोशनच्या डब्याबरोबर ताकाची बाटली देई, कांदा देई, गमछा भिजवून घे म्हणून दहादा बजावी. तो हसे. थंड गावात राहून हिला ऊन लागतंय, असं त्यानं शेजारच्या करिश्माच्या नवऱ्याला सांगितलंही. तोही त्याच कामावर होता.

शनिवारी संध्याकाळी जेवायला बसला असताना रोशनच्या हातातला घास खाली पडला. बोटं आखडली होती, सरळ होईनात. मोनालीनं ती चोळून चोळून मोकळी केली. लघवी लाल होतेय दोन दिवस, असं तो सहज बोलून गेला, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, एवढं काय त्यात, पाणी कमी पडलं असेल.

त्या रात्री तिनं ठरवलं. माणूस हैदराबादला असला तरी असतो; तेवढं पुरे. रविवारपासून तिनं सडा बंद केला. कुंड्या उचलल्या, पाइप गुंडाळून घरी आणून ठेवला. सोनटक्के साहेबांना मात्र तिनं फोन केला नाही. माती वाळली की आकडा आपोआप खरा होईल, भोंगा वाजेल, जीप येईल, आणि मधले दिवस कोणाला कळायचंही कारण नाही, असा तिचा विचार होता. तोंडानं कबूल न करता निस्तरायची इच्छा कोणाला नसते?

सोमवारी, मंगळवारी ढग होते, पारा चाळीसच्या वर गेला नाही. बुधवारी आभाळ लख्ख झालं.

बुधवारी बारा वाजून दहा मिनिटांनी पेटीतला कोरडा तापमापक चव्वेचाळीस अंश एक दाखवत होता. ओला तीस आठ. मोनालीनं कान टवकारले. भोंगा वाजायला हवा होता. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. ती खांबाजवळ गेली. तिथल्या छोट्या पडद्यावर एकेचाळीस अंश आठ हा आकडा होता, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'सुधारित' असं लिहिलेलं होतं.

तिनं सरळ फोन लावला. सोनटक्के साहेबांनी समोरच्या संगणकावर सगळं उघडून पाहिलं आणि शांतपणे समजावलं, की यंत्रानं गेल्या काही आठवड्यांत शिकून घेतलंय, सावरटोला शेजारच्या गावांपेक्षा दोन-सव्वादोन अंशांनी थंड असतो. आज ते एकदम शेजारच्या गावांइतकं दिसायला लागलं, म्हणून तार बिघडली असं धरून यंत्र तेवढे अंश वजा करतंय. अशा वेळी ते बरोबरच करत असतं. मग त्यांनी विचारलं,

"ताई, केंद्रावर तुम्ही काही बदल केलात का?"

"पाणी मारत होती साहेब मी. सडा. दुपारचा."

"केव्हापासून?"

"फेब्रुवारीपासून. रविवारपासून बंद केला."

 "त्यानं आकडा उतरतो, हे तुम्हाला कळलं केव्हा?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला तिला ही शेवटची संधी होती. "दोन हप्ते झाले," ती म्हणाली.

ते रागावले नाहीत. यंत्राचा आकडा हातानं बदलायला वरून मंजुरी लागते, अर्धा-पाऊण तास जाईल, तोवर तुम्ही जाऊन माणसं कामावरून सावलीत हलवा, एवढंच त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

*

गायरान दीड किलोमीटरवर होतं. मोनाली अर्धं अंतर पळाली आणि अर्धं कशी गेली ते तिला नंतर आठवलं नाही. हवा अंगाला चिकटत होती. काळ्या सौरपट्ट्यांच्या रांगांवरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. मुकादमाला तिनं सांगितलं, काम थांबवा, यंत्र चुकतंय. त्यानं स्वतःच्या मनगटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. हिरवं आहे ना बाई, तो म्हणाला, आणि तो काही वाईट माणूस नव्हता. चौघांनी मिळून उचललेली सौरपट्टी मध्येच कशी सोडायची, असं तिथल्या एकानं विचारलं.

रोशन शेवटच्या रांगेत होता. सांगाड्याला टेकून उभा, हातात पाना, पण पाना फिरत नव्हता. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या दंडाला हात लावला. दंड तव्यासारखा तापलेला आणि कोरडा ठाक होता. इतक्या उन्हात घामाचा एक थेंब नव्हता. त्याचा अर्थ तिला फळ्यावर शिकवला होता.

"चला घरी," ती म्हणाली. "बसा इथं खाली. बसा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. नजर अनोळखी बाईकडं बघावी तशी, जरा संकोचलेली.

"बाई, साइटवर लेडीजले येऊ देत नाही," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "इंजिनेर बोंबलते."

"मी मोनाली हाओ."

"मोनाली गावाकडं हाय," तो समजुतीनं म्हणाला. "घरी एकटीच राह्यते थे. पानी लागलं का जाईन मी."

मग त्याचे गुडघे वाकले. तिनं त्याला धरायचा प्रयत्न केला आणि दोघंही मातीत बसली. आता मुकादम धावला, करिश्माचा नवरा धावला. कोणी कॅनमधलं पाणी ओतलं, कोणी गमछ्यानं वारा घातला. हवा इतकी दमट होती की अंगावर ओतलेलं पाणी वाळत नव्हतं, नुसतं ओघळत होतं. एक वाजून अडतीस मिनिटांनी गावाच्या दिशेनं भोंगा वाजला. गायरानावरच्या मनगटांवरचे सगळे पट्टे एका क्षणात लाल झाले, रोशनचाही.

रुग्णवाहिका अडीचला आली. तालुक्याच्या दवाखान्यात त्याला बर्फात ठेवलं, पण संध्याकाळी पाच वाजता तो गेला. त्याच दिवशी सावरटोल्याची मार्च महिन्यातली सर्वांत जास्त तापमानाची नोंद झाली, चव्वेचाळीस अंश सहा.

*

तिसऱ्या दिवशी सोनटक्के साहेब येऊन तिचा लेखी जबाब घेऊन गेले. मागचे सगळे आकडे तपासून दुरुस्त व्हायला आणि चौकशी बसायला आठवडा लागणार होता. नवा निरीक्षक मिळेपर्यंत केंद्राची किल्ली तिच्याचकडं राहील, दुसरं कोणी शिकलेलं नाही, असं ते खाली बघत म्हणाले. तेवढे दिवस यंत्राचं शिकणं बंद ठेवलं होतं. तार दाखवील तोच आकडा धरला जाणार होता.

संध्याकाळी गावातल्या बाया बसायला आल्या. ज्यांचे नवरे कामावर होते त्या सगळ्या होत्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी मोनालीनं त्यांना सांगितलं. पाणी आपणच मारत होतो. आकडा त्यानं उतरत होता. हे आपल्याला माहीत होतं, आणि माहीत असून पुढं मारलं, नवरा घरी राहावा म्हणून. तिनं एवढं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत बसली. शिव्या मिळाल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

 शेजारची करिश्मा जवळ सरकली. तिचे डोळे रडून सुजलेले होते. रोशनच्या अंगावर पाणी ओतणाऱ्यांत तिचा नवरा पहिला होता.

"मोनालीताई," ती हळूच म्हणाली. "किल्ली अजून तुमच्याचपाशी हाय नं?"

"हाय."

"मंग पाडव्यापर्यंत टाकता का पानी? आठच दिवस. आमचे हे सावलीतच बसतीन, मी सांगीन त्याईले."

मोनालीनं तिच्याकडं पाहिलं. मग बाकीच्यांकडं पाहिलं. एकही बाई करिश्माला गप्प बस म्हणाली नाही. सगळ्या मोनालीच्या तोंडाकडं बघत होत्या. दोन आठवड्यांपूर्वी फोन हातात घेऊन ती उभी होती तेव्हा कोणी तिला पाहिलं असतं, तर तिचंही तोंड असंच दिसलं असतं.

"नाही," मोनाली म्हणाली.

करिश्मा उठून गेली. तिच्यामागून एकेक करून बाकीच्याही उठल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पन्नास मिनिटांनी भोंगा वाजला. त्याच्या पुढच्या दिवशी तो त्याहून लवकर वाजला, आणि त्या संध्याकाळी गावातले अकरा पुरुष घेऊन जीप हैदराबादला गेली. मोनालीच्या दारावरून जाताना तिनं वेग कमी केला नाही.